अक्षर इथून उठतं, तिथे बसतं: गूढ शब्दकोड्यातली अक्षरबदली

गूढ शब्दकोडी नेमाने सोडवणारेही एका प्रकारापुढे हमखास अडतात. क्लू उलगडतो, उत्तर निःसंशय बरोबर असतं, आणि तरी ते चौकटीत मावत नाही. तीन अक्षरांच्या उत्तराला दोनच घरं आहेत. खालच्या ओळीत दोन अक्षरांच्या उत्तराला तीन. छपाईची चूक म्हणून कोडं बाजूला टाकण्याआधी वरची सूचना वाचावी. तिथे साधारण अशी ओळ असते: ‘काही उत्तरांतलं एकेक अक्षर निघून दुसऱ्या उत्तरात गेलं आहे. चौकटीत बदललेले शब्द भरावेत. हललेली अक्षरं क्रमाने वाचल्यास विषय मिळेल.’

नेहमीच्या कोड्यात ‘उत्तर काय’ हा एकच प्रश्न असतो. इथे त्याआधी दुसरा प्रश्न सोडवावा लागतो: क्लूचा कोणता भाग बदलाआधीच्या शब्दाबद्दल बोलतोय आणि कोणता बदलानंतरच्या? हे ज्याला पक्कं कळलं त्याला बाकीचं कोडं नेहमीसारखंच वाटतं. ज्याने ते गृहीत धरलं तो दहा बरोबर उत्तरं काढूनही अकराव्याला फसतो.

क्लूच्या दोन वाटा

गूढ कोड्यातला क्लू एकाच उत्तराकडे दोन वाटांनी नेतो. एक वाट अर्थाची. क्लूच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी उत्तराचा सरळ अर्थ दिलेला असतो, ती व्याख्या. दुसरी वाट अक्षरांची. उरलेल्या शब्दांत उत्तर कसं जुळवायचं याची कृती लपलेली असते, तो शब्दखेळ. वाक्य वाचताना जे चित्र डोळ्यांपुढे येतं ते मात्र निव्वळ हुलकावणी.

शाबास! सैन्य म्हणजे तुफान (३)

शाबास म्हणजे ‘वा’, सैन्य म्हणजे ‘दळ’. जोडलं की वादळ, आणि ‘तुफान’ ही व्याख्या. कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा.

गरज उलटीसुलटी झाली की घड्याळाचा कल्ला (३)

इथे ‘उलटीसुलटी’ हा इशारा आहे. ग, र, ज ही अक्षरं हलवून गजर मिळतो.

भाग वतनातला, पोटात चारा (३)

‘पोटात’ म्हणजे उत्तर आधीच्या शब्दांच्या आत सलग दडलंय: भा-ग-व-त-ना-त-ला. दुसऱ्यापासून तीन उचलले की गवत.

मैत्रीच्या आरंभी देणगी, खेळायची जागा (३)

मैत्रीचा आरंभ ‘मै’, देणगी म्हणजे ‘दान’. मैदान.

मराठीत क्लू लिहिताना एक पेच येतो तो विभक्तीचा. आळस या उत्तरासाठी ‘आरोपामागे सकाळ उगवते सुस्तीने’ असं लिहिलं तर वाक्य झकास, पण व्याख्या ‘सुस्तीने’ झाली आणि तिचं उत्तर ‘आळसाने’ होतं. म्हणून व्याख्या मूळ रूपात ठेवावी: ‘आरोपामागे सकाळची सुरुवात, म्हणजे सुस्ती (३)’. आरोप म्हणजे आळ, त्यामागे सकाळचा स. शब्दखेळातल्या शब्दांना प्रत्यय लागले तर चालतं, व्याख्येला लागले तर उत्तरालाही लागायला हवेत. अक्षरबदलीच्या कोड्यात ही शिस्त दुप्पट पाळावी लागते. सोडवणारा आधीच एका अक्षराच्या शोधात असतो. त्यात प्रत्ययाचं एखादं फालतू अक्षर डोकावलं तर तो तेच ‘आलेलं अक्षर’ समजतो.

हा प्रकार रुजला कुठे

शब्दकोडं पहिल्यांदा छापून आलं ते २१ डिसेंबर १९१३ रोजी, ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात. रचनाकार आर्थर विन. त्यातले क्लू सरळ अर्थाचे होते. क्लूला गूढ वळण मिळालं ते ब्रिटनमध्ये. ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकात १९२६पासून ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने एडवर्ड पॉइस मॅदर्स कोडी रचत. १९३९मध्ये त्यांच्यानंतर ‘झिमेनीस’ आले, आणि १९७२पासून ‘अझेड’. तिन्ही नावं स्पेनच्या धर्मन्यायसभेच्या मुख्य न्यायाधीशांची. तिसरं ‘डेझा’ हे आडनाव रोमन अक्षरांत उलटं करून घेतलेलं. देवनागरीत डेझा उलटं केलं तर ‘झाडे’ होतं, म्हणजे हे गुपित आपल्या लिपीत फुटलंच नसतं. झिमेनीसने क्लूच्या प्रामाणिकपणाचे नियम घालून दिले: नेमकी व्याख्या, न्याय्य शब्दखेळ, आणि कामाशिवायचा एकही शब्द नाही.

विषय असलेल्या अवघड कोड्यांचं माहेर म्हणजे बीबीसीचं ‘द लिसनर’ साप्ताहिक. तिथे एप्रिल १९३०मध्ये ही कोडी सुरू झाली. साप्ताहिक १९९१मध्ये बंद पडलं, पण कोडं ‘द टाइम्स’च्या शनिवारच्या अंकात चालू राहिलं. या परंपरेत अक्षरांशी खेळायच्या अनेक तऱ्हा निघाल्या: व्याख्येत मुद्दाम केलेली छपाईची चूक, शब्दखेळात उरणारं एक जादा अक्षर, उत्तरातलं एखादं अक्षर जिथे जिथे असेल तिथून गाळून उरलेला शब्द भरणं. अक्षरबदली हा यातल्या शेवटच्या प्रकाराचा धाकटा भाऊ. फरक इतकाच की गाळलेलं अक्षर हवेत विरत नाही, दुसऱ्या दारात जाऊन बसतं.

हलतं ते नेमकं काय

देवनागरीत एका घरात एक पूर्ण अक्षर बसतं, मात्रेसकट. मैदान म्हणजे तीन घरं: मै, दा, न. जोडाक्षर एकच घर घेतं. अनुस्वार आपल्या अक्षराबरोबर राहतो. त्यामुळे आडव्या शब्दातला ‘दा’ आणि उभ्या शब्दातला ‘द’ एकाच घरात नांदू शकत नाहीत. ‘नवरा’ आणि ‘वानर’ एकमेकांची उलटापालट वाटतात, पण नाहीत: पहिल्यात न, व, रा, दुसऱ्यात वा, न, र. नव्या रचनाकाराचा हात इथेच हमखास घसरतो. काही रचनाकार ऱ्हस्व-दीर्घाची सूट घेतात. घ्यायची तर वरच्या सूचनेत तसं स्पष्ट लिहावं. बदलीच्या कोड्यात ती घेऊच नये, कारण हललेल्या अक्षरांतून संदेश वाचायचा असतो आणि तिथे ‘वि’ की ‘वी’ याने शब्द बदलू शकतो.

आता आठ उत्तरांचा एक छोटा संच पाहू. चार उत्तरं अक्षर देणारी, चार घेणारी.

गवत − व = गत, मान + व = मानव
मैदान − न = मैदा, जीव + न = जीवन
वादळ − वा = दळ, गोड + वा = गोडवा
आळस − स = आळ, बारी + स = बासरी

चौकटीत दिसतात ते गत, मानव, मैदा, जीवन, दळ, गोडवा, आळ, बासरी. मूळ उत्तरांपैकी एकही चौकटीत नाही, पण प्रत्येक नोंद खरा शब्द आहे. देणारी उत्तरं क्रमाने घेऊन गेलेली अक्षरं वाचली की व, न, वा, स: वनवास. अक्षरं घर सोडून का गेली याचं कारण त्यांनी स्वतःच सांगितलं.

जागांकडे नीट पाहा. गवतमधून मधलं अक्षर गेलं, मैदानातून शेवटचं, वादळातून पहिलं. बासरीत मध्ये आलं, मानवात शेवटी. सगळी अक्षरं शेवटूनच निघून शेवटीच बसली असती तर तिसऱ्या जोडीनंतर सोडवणारा न विचार करता भरत सुटला असता. जागा बदलत्या ठेवणं ही चांगल्या कोड्याची खूण.

तरी हा संच विषयाच्या दृष्टीने अर्धाच शिजलेला आहे. वनवास म्हणजे नुसतं घर सोडणं नव्हे, वनात जाणंही. घेणारे शब्द मानव, जीवन, गोडवा, बासरी. यांचा वनाशी संबंध काय? पट्टीचा रचनाकार घेणारी चारही उत्तरं चौकटीच्या मधल्या भागात बसवेल, किंवा बदलानंतर ती झाडांची नावं होतील असं पाहील. बदलीचं कारण विषयात असलंच पाहिजे. स्थलांतर, चोरी, टपाल, कर्ज, अवयवदान, पक्षांतर: या विषयांत काहीतरी खरोखर इकडून तिकडे जातं. पक्ष्यांच्या नावांचं कोडं करायचं आणि अक्षरं मात्र उगाच हलवायची, यात सोडवणाऱ्याच्या कष्टांना काही मोबदला मिळत नाही.

क्लू कोणाबद्दल बोलतो

बदलीच्या कोड्यांचे तीन पोटप्रकार होतात ते इथूनच.

पहिल्यात अख्खा क्लू मूळ उत्तराबद्दल असतो. वर दिलेले सगळे क्लू असे आहेत. व्याख्या आणि शब्दखेळ दोन्ही मैदानकडे नेतात. चौकटीतल्या मैद्याबद्दल क्लू अवाक्षर काढत नाही. उत्तराची खात्री लगेच होते, पण कोणतं अक्षर जाणार हे क्लूवरून कळत नाही. ते छेदणाऱ्या शब्दांवरूनच काढायचं.

दुसऱ्यात क्लू दुभंगतो. व्याख्या मूळ उत्तराची, शब्दखेळ चौकटीतल्या रूपाचा. उदाहरणार्थ:

आरंभी मैना, दाणे. पुढे खेळायची जागा

शब्दखेळ देतो मै + दा, व्याख्या म्हणते मैदान. दोन्हींतला फरक, म्हणजे न, हेच गेलेलं अक्षर. घेणाऱ्या शब्दाचा क्लू याच्या उलट वाढतो. साध्या कोड्यात जीवसाठी ‘जीभ वळवळली, तोंडाशी प्राण (२)’ असा क्लू देता येईल. ‘तोंडाशी’ म्हणजे शब्दांची पहिली अक्षरं, जी आणि व. बदलीच्या कोड्यात तोच असा होतो:

जीभ वळवळली नकळत, तोंडाशी प्राण

पहिली अक्षरं जी, व, न; व्याख्या मात्र जीवची. एक ‘नकळत’ घुसवला आणि न आत आला. या क्लूत एक कच्चा दुवा आहे. ‘प्राण’चा अर्थ ओढूनताणून जीवनपर्यंत नेता येतो, आणि मग सोडवणाऱ्याला बदल झालाय असं वाटणारच नाही. कंसात (२) दिलं तर प्रश्न मिटतो. आकडे द्यायचेच नसतील तर व्याख्या अशी घ्यावी की ती दोनपैकी एकाच रूपाला लागेल. ‘सजीव प्राणी’ म्हटलं की जीवच उरतो.

तिसऱ्यात बदली उत्तरांत होतच नाही, क्लूंच्या मजकुरात होते. एका क्लूतल्या शब्दातलं अक्षर दुसऱ्या क्लूतल्या शब्दात गेलेलं असतं, आणि दोन्ही वाक्यं तरीही वाचनीय राहतात. उत्तरं जशीच्या तशी भरायची. हा प्रकार सोडवायला सोपा आणि रचायला सगळ्यात जिकिरीचा.

कंसातल्या आकड्यालाही दोन अर्थ असतात. कधी तो मूळ उत्तराची लांबी सांगतो, कधी चौकटीतल्या घरांची. सूचनेत हे न सांगणारा रचनाकार कोडं अवघड करत नाही, अन्याय्य करतो.

सोडवायला बसल्यावर

सूचना दोनदा वाचा आणि तीन गोष्टी हुडका: आकडा कशाचा, चौकटीतले शब्द खरे शब्द आहेत की निरर्थक तुकडेही चालतील, आणि संदेश देणाऱ्यांच्या क्रमाने वाचायचा की घेणाऱ्यांच्या. तिसरी गोष्ट लोक सर्रास विसरतात आणि शेवटी ‘सनवाव’सारखं काहीतरी हातात घेऊन बसतात.

आकडा मूळ उत्तराचा असेल तर पेन उचलण्याआधी फुकटात माहिती मिळते. प्रत्येक क्लूचा आकडा आणि त्याची घरं ताडून पाहा. आकडा ३ आणि घरं २, तर तो देणारा. आकडा २ आणि घरं ३, तर घेणारा. दोन्ही सारखे, तर बहुधा अस्पर्शित. कडेला ‘गेलं’ आणि ‘आलं’ असे दोन रकाने आखा आणि क्लूचे क्रमांक आधीच त्यांत टाका. देणारे आणि घेणारे सारखेच भरले पाहिजेत. तसे भरले नाहीत तर एखादा शब्द दोन अक्षरं देतोय किंवा घेतोय. सगळ्या आकड्यांची बेरीज आणि सगळ्या घरांची बेरीजही एकच यायला हवी. वरच्या आठांत दोन्हीकडे २० येतात.

मग आधी अस्पर्शित उत्तरं सोडवा आणि चौकटीत पक्की भरा. ती खुंट्यांचं काम करतात. देणारं-घेणारं उत्तर सुटलं की ते चौकटीत न लिहिता क्लूशेजारी लिहा. चौकटीत अंदाजाने भरलेलं एक चुकीचं अक्षर आडव्या आणि उभ्या दोन्ही शब्दांची वाट लावतं, आणि खोडून पुन्हा पाया शोधण्यात वेळ जातो.

देणारं उत्तर हाती आलं की त्यातलं एकेक अक्षर उडवून पाहा. ‘गवत’ सरळ आहे: ग उडवला तर वत, त उडवला तर गव, नित्याचा शब्द फक्त व उडवल्यावर मिळतो, गत. पण ‘काजळ’ घ्या. का काढा, जळ; ज काढा, काळ; ळ काढा, काज. तिन्ही शब्द. ‘सागर’ही तसाच: गर, सार, साग. ‘कपट’ही: पट, कट, कप. अशा उत्तराला छेद मिळेपर्यंत हात लावू नये. निदान एक घर उभ्या शब्दाने पक्कं झालं की तीनपैकी एखादा पर्याय गळतो, दुसऱ्या घरावर निकाल लागतो.

घेणाऱ्यांचं उलट. ‘नर’मध्ये एक अक्षर यायचंय. नगर? नजर? नरम? नरक? वानर? इथे उपयोगी पडतो तो ‘गेलं’ रकाना. देणाऱ्यांकडून आतापर्यंत व, न, वा, स निघालेत, त्यांतला वाच नरला लागू पडतो, म्हणून वानर. दोन्ही बाजूंनी बोगदा खणत मध्ये भेटायचं.

संदेशातली निम्मी अक्षरं आली की उरलेली अंदाजाने भरून उलटं काम करता येतं. ‘व, न, _, स’ दिसलं की मधलं वा तपासून पाहण्याजोगं. हे लबाडीचं नाही; विषय असलेली कोडी याच धर्तीवर बांधलेली असतात. फक्त अंदाजावरून भरलेल्या प्रत्येक अक्षरासाठी मागे जाऊन क्लू पटतोय का ते पाहावं.

साखळीचा प्रकार

सगळ्यात देखणा प्रकार तो, ज्यात प्रत्येक उत्तर एक अक्षर देतं आणि एक घेतं. लांबी बदलत नाही, त्यामुळे आकडे आणि घरं ताडण्याची युक्ती पूर्ण निकामी होते. तीन शब्दांचं एक वर्तुळ बघा: गाजर, नगर, आदर. गाजराचा ज नगरकडे जातो, नगराचा ग आदरकडे, आदराचा द गाजराकडे परत. चौकटीत येतात गारद, नजर, आगर.

नगर आणि आदर यांत गेलेल्या अक्षराच्या जागीच नवं अक्षर बसलंय, त्यामुळे ती नुसती अदलाबदल वाटते. गाजराचं तसं नाही: ज मधून उठला, द शेवटी बसला, आणि र मधल्या घरात सरकला. सोडवणाऱ्याने ‘एक घर चुकतंय, बाकीची बरोबर’ असं गृहीत धरलं असेल तर गारद त्याला कधीच दिसणार नाही. साखळीत एक दिलासाही असतो. एक कडी पक्की झाली की तिने दिलेलं अक्षर पुढच्या कडीत असलंच पाहिजे, आणि तिने घेतलेलं मागच्या कडीतून आलेलं. एका उत्तरातून शेजारची दोन सुटतात.

कुठे बिघडतं

बिघडतं ते जवळजवळ नेहमी रचनाकाराकडून, आणि जवळजवळ नेहमी एकाच कारणाने: आलेलं अक्षर ज्या घरात बसलंय त्या घराला छेद नाही. क्लू पहिल्या प्रकारचा असेल तर त्या घराबद्दल कोडं काहीच सांगत नाही. ‘नर’चं काय होणार याला वर पाच उत्तरं दिली आहेत, छेद नसेल तर ती पाचही बरोबर. इंग्रजी चौकटींत लांब शब्दांमुळे साधारण एक तृतीयांश घरं छेदाविना राहिली तरी चालतं. मराठीत शब्द दोन ते चार अक्षरांचे, म्हणून इतकी मोकळीक परवडत नाही. तीन अक्षरी शब्दाचं एक घर सुटलं की तिसरा हिस्सा अंधारात. त्यात ते घर पाहुण्या अक्षराचं असेल तर न्याय संपला.

दुसरी गोची दुबार अक्षरांची. ‘सरस’मधून स काढायचा, पण कोणता? पहिला काढला तर रस, शेवटचा काढला तर सर. दोन्ही शब्द, दोन्हींत गेलेलं अक्षर तेच, म्हणून संदेश बरोबर येतो आणि चौकट तरीही दोन तऱ्हांनी भरते. सोडवणाऱ्याला आपलं चुकल्याचा पत्ताही लागत नाही. असे शब्द देणाऱ्यांत घेऊच नयेत.

संदेशातच एखादं अक्षर दोनदा येत असेल, जसं ‘अदलाबदल’मध्ये द, तर दोन देणारे आणि दोन घेणारे होतात आणि कोणाचा द कोणाकडे गेला हे ठरत नाही. नुसता संदेश वाचायचा असेल तर बिघडत नाही. पण शेवटच्या पायरीत देणारा-घेणारा यांना रेघेने जोडून आकृती काढायची असेल, तर आकृती दोन निघतील. (ला आणि ल ही मात्र वेगळी अक्षरं, तिथे गोंधळ नाही.)

रचण्याचा क्रम

चौकट आखून, शब्द भरून, मग त्यांत बदली शोधणं म्हणजे उलटा प्रवास. आधी संदेश ठरवावा. आठ ते दहा अक्षरं पुरेत, कारण आठ अक्षरांच्या संदेशाला सोळा उत्तरं लागतात आणि ८ × ८च्या चौकटीत सगळी मिळून साधारण ३० ते ३६ नोंदी मावतात. निम्म्या नोंदी बदललेल्या आणि निम्म्या अस्पर्शित, हे प्रमाण चांगलं. सगळ्याच बदलल्या तर सोडवणाऱ्याला पाय टेकायला जागा राहत नाही. काळी घरं टाकण्याऐवजी घरांमधल्या जाड रेघांनी शब्द तोडले तर छोट्या चौकटीतही छेद भरपूर मिळतात.

मग संदेशातल्या प्रत्येक अक्षरासाठी देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची वेगळी यादी करावी, प्रत्येकी निदान दहा शब्दांची. व, न, स, क, र यांना याद्या पटापट भरतात. ठ, ढ, झ किंवा जोडाक्षरं संदेशात असतील तर तिथेच काम अडतं. अशा वेळी संदेशाचे शब्द बदललेले बरे. याद्या संगणकावर करता येतात: शब्दसूची घ्यायची, प्रत्येक शब्दातलं एकेक अक्षर काढायचं, उरलेलं सूचीत आहे का ते पाहायचं. मात्र संगणकाच्या लेखी ‘मैदान’ पाच चिन्हांचा असतो: म, मात्रा, द, काना, न. चिन्हागणिक तोडलं तर तो द काढून काना अधांतरी लटकवतो. आधी शब्द पूर्ण अक्षरांत तोडणारी पायरी लिहावी, आणि जोडाक्षरं तिथे फुटत नाहीत ना हे ‘क्ष’ आणि ‘स्त्री’ घालून तपासावं.

चौकट भरताना बदललेले शब्द आधी बसवावेत, आलेल्या अक्षरांच्या घरांना छेद द्यावा, आणि त्यानंतरच अस्पर्शित शब्दांनी मोकळ्या जागा बुजवाव्यात. क्लू सर्वांत शेवटी. शेवटी एका तिऱ्हाइताकडून कोडं सोडवून घ्यावं, उत्तरं न दाखवता. तो कुठे अडला यापेक्षा कुठे न अडता चुकला हे जास्त कामाचं. अडणं हा कोड्याचा हेतूच असतो, बिनबोभाट चुकणं म्हणजे चौकटीत भोक आहे.

सरावासाठी एक जोडी. आकडे मूळ उत्तरांचे आहेत आणि दोन्ही क्लू पहिल्या प्रकारचे.

कचऱ्याच्या सुरुवातीला घाण, पण चिखलातलं फूल (३). चौकटीत घरं दोन.

शहराचं डोकं उडवा, फळातला खायचा भाग मिळेल (२). चौकटीत घरं तीन.

पहिल्या नोंदीची दोन्ही घरं छेदांनी भरली आहेत: क आणि ळ. दुसऱ्या नोंदीत पहिलं आणि तिसरं घर रिकामं आहे; मधल्या घरातून जाणाऱ्या उभ्या शब्दाने तिथे र पक्का केला आहे. तो र नसता तर दुसऱ्या नोंदीला दोन उत्तरं निघाली असती, आणि त्यांतलं एक पाण्यात राहतं.